डेल्मर प्रूइटची साक्ष

शनिवारी दुपारी ओझेला टार्पलीच्या मागच्या ओसरीवर पाच जण शेंगा सोलत बसले होते, आणि पाचांपैकी एकाचंही लक्ष शेंगांत नव्हतं. दाणे टोपलीत कमी आणि फळ्यांवर जास्त पडत होते.

दुसऱ्या दिवशी होमकमिंगचा रविवार होता. ऑगस्टमधला पहिला रविवार म्हणजे माउंट नीबो चर्चचं माहेरपणच. डेट्रॉइट, शिकागो, जिथे जिथे म्हणून कोलियर्स बेंड गावची पोरं पोटामागे गेली होती तिथून ती त्या दिवशी परत यायची, नव्या टोप्या मिरवायची आणि झाडाखाली मांडलेल्या टेबलांवरून पोट फुटेस्तोवर जेवायची. ओझेलाचा मुलगा थॅडियसही आला होता. डेट्रॉइटमध्ये तो रोज दुसऱ्यांना बसमधून फिरवायचा. इथे यायला मात्र स्वतः वीस तास बसमध्ये अवघडून बसला होता. आल्याआल्या त्याला ही बातमी कळली होती आणि तेव्हापासून तो धड खुर्चीत बसत नव्हता.

"परत सांग," तो मेहुण्याला म्हणाला. "तो काय म्हणाला, तेच शब्द सांग. तुझं प्रवचन मिसळू नकोस."

मेहुणा म्हणजे रेव्हरंड ऑटिस ग्रीअर, माउंट नीबोचा पाळक. त्याने हातातली शेंग खाली ठेवली.

"प्रूइट गुरुवारी आला. गाडी घरासमोर लावून अर्धा तास आतच बसला होता. व्हर्नेलनं खिडकीतून बघितलं. मग उतरला. नाकाला नळी, हातात ते ऑक्सिजनचं नळकांडं. म्हणाला, 'रेव्हरंड, मला तुमच्या चर्चमध्ये उभं राहायचंय. रूफस टार्पलीचं आम्ही काय केलं, ते त्याच्या माणसांसमोर सांगायचंय.' मी म्हटलं, तुमचं गोऱ्यांचं चर्च आहे की गावात, एवढं मोठं. तर म्हणाला, 'तिथे मी तोंड उघडलं की ते मला गप्प करतील.'"

"आणि इथे आपण त्याला वारा घालू, पाणी देऊ, वर 'आमेन' म्हणू!" थॅड उठला, कठड्यापर्यंत गेला आणि परत आला. "वा रे वा. मारायला आमचाच माणूस आणि रडायलाही आमचंच चर्च."

रूफस टार्पली जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. सत्तावन साली तो आपल्या जुन्या गाडीतून वस्तीवस्तीवर फिरायचा आणि मतदारयादीत नाव घालायला तयार असलेल्या काळ्या माणसांना गोळा करायचा. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी तो परत आलाच नाही. तिसऱ्या दिवशी नदीत सापडला. शेरीफने कागदावर लिहिलं, 'मासे धरताना बुडून मृत्यू'. रूफसला गळाला आमिष कसं लावतात तेही ठाऊक नव्हतं. ती बातमी सांगायला जो डेप्युटी आला होता आणि दारात उभं राहून ज्याने डोक्यावरची हॅटही काढली नव्हती, तो डेल्मर प्रूइट.

"त्याला येऊ देऊ नका," ल्युशियस म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ल्युशियस हा रूफसचा थोरला भाऊ, चर्चचा कारभार बघणारा मुख्य डीकन. वय चौऱ्याहत्तर. रूफस गेल्यावर या घराचा कणा तोच झाला होता. थॅडला सायकल शिकवली त्याने, व्हर्नेलचा हात ऑटिसच्या हातात दिला त्यानेच.

"अंकल!" थॅड हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "तुम्ही आणि मी एका बाजूला? आज सूर्य कुठून उगवला होता?"

व्हर्नेलला मात्र हसू आलं नाही. ती काकाकडे बघत राहिली. भांडण कुणाचंही असो, सख्ख्या भावांचं नाहीतर नवराबायकोचं, या माणसाचं एकच पालुपद असायचं: सत्तर वेळा सात क्षमा करा. लहानपणी तिने आणि थॅडने त्याचं नावच 'चारशे नव्वद' ठेवलं होतं. आणि आज, जेव्हा दारात खरोखरच क्षमेचं गिऱ्हाईक उभं होतं, तेव्हा काका म्हणत होता, दार लावा.

"डीकन, तुम्हीसुद्धा?" ऑटिस म्हणाला. "माणूस मरायला टेकलाय. देवाच्या दारातून मी त्याला हाकलू?"

"देवाचं दार उघडं ठेव. कोर्टाचंही उघडंच आहे," थॅड म्हणाला. "सरकारी वकिलाकडे जाऊ दे. शपथेवर बोलू दे, सही करू दे. खुनाला मुदत नसते, रेव्हरंड. चर्चमध्ये रडणं फुकटात पडतं."

"कोर्टात त्याला कुणी ऐकलं नाही तर? निदान आपल्याला तरी—"

"ऑटिस," व्हर्नेल मध्येच म्हणाली, "खरं सांग. तुला त्याची कणव आलीय, की होमकमिंगला चर्च भरलेलं असताना आपल्याच वेदीसमोर असं काही घडावं, याची हौस आहे?"

ऑटिसचं तोंड उघडं राहिलं. सासूसमोर, मेहुण्यासमोर बायको असं बोलेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने खाली ठेवलेली शेंग पुन्हा उचलली. मग हळूच म्हणाला, "दोन्ही असेल. मी देवदूत नाही, व्हर्नेल."

थॅडने बहिणीकडे कौतुकाने पाहिलं. तिला ते आवडलं नाही. तिने भावाची बाजू घेतली नव्हती. तिची कुणाचीच बाजू नव्हती, आणि म्हणूनच तिला बसवत नव्हतं.

ओझेलाने हातातले दाणे टोपलीत टाकले. सहासष्ट वर्षांची ती बाई आवाज न चढवता घर चालवत आली होती.

"मी त्याचं ऐकणार," ती म्हणाली.

"ओझेला," ल्युशियस पुढे सरकला, "एवढ्या वर्षांची खपली आहे ती. कशाला काढायची?"

"खपली धरली होती कधी? तुला दिसली? मला नाही दिसली." तिने शेंग मोडली. "गाय मेली तरी माणूस विचारतो, कशानं मेली. माझा नवरा मेला. मला कुणी सांगितलं नाही. मी ऐकणार. क्षमाबिमा नंतर बघू."

"ममा, मग उद्या तो—"

"उद्या तो येईल, थॅड. तू पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसशील आणि हात खिशात ठेवशील."

ल्युशियस उठला. खुर्च्या मांडायच्यात, टेबलं आणायचीत, असं काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरून गेला. तो बसला होता तिथे व्हर्नेलला एक शेंग दिसली, दाण्यांसकट मुठीत चुरडलेली.

*

ल्युशियसने ट्रक चर्चकडे नेला नाही.

प्रूइटचं घर हमरस्त्याच्या पलीकडे, लाकडाच्या वखारीमागे होतं. या वाटेने तो आयुष्यात दोनदाच आला होता, दोन्ही वेळा मागच्या दाराने, पोती उतरवायला. आज तो पुढच्या दाराशी उभा राहिला आणि दार वाजवताना त्याला आपल्याच हाताचं नवल वाटलं.

"उघडंच आहे," आतून आवाज आला.

डेल्मर प्रूइट खिडकीशी आरामखुर्चीत होता. एके काळी या माणसाच्या बुटांचा आवाज ऐकून वस्ती दिवे मालवायची. आता तो गोधडीत एवढासा झाला होता.

"वाटच बघत होतो तुझी," प्रूइट म्हणाला. "बस, ल्युशियस."

"उभाच बरा आहे, मिस्टर प्रूइट." तीन वर्षांनी लहान असलेल्या या माणसाला आपण अजूनही अहो-जाहो करतोय आणि तो आपल्याला अरे-तुरे, हे त्याच्या लक्षात आलं. जीभ काही वळेना. "उद्या काय सांगणार आहात?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

प्रूइटने दोनतीन श्वास घेतले. "शेरीफ होता, मी होतो, कॅल्विन ड्रेपर होता. पूल. नदी. जे केलं ते."

"आणि... त्याच्या आधीचं?"

नळकांडं मंद आवाज करत होतं.

त्याच्या आधीचं असं होतं. त्या दिवशी सकाळी प्रूइटने ल्युशियसच्या बायकोला, हॅटीला, रस्त्यातून उचललं. दुकानातून धागा चोरला म्हणे. दुपारी ल्युशियसला चौकीत बोलावलं. हॅटी आतल्या कोठडीत रडत होती, ते त्याला ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. प्रूइट टेबलावर किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला होता आणि एकच प्रश्न विचारत होता: तुझा भाऊ आज कुठल्या वाटेनं परत येणार? रूफस रोज वाट बदलायचा. ती फक्त ल्युशियसला सांगून ठेवायचा, काही झालंच तर शोधायला कुणीतरी असावं म्हणून.

ल्युशियसने दीड तास तोंड उघडलं नाही. मग हॅटीचं रडणं एकदम थांबलं. ते थांबणं त्याला सोसलं नाही.

"बीव्हर क्रीकचा जुना पूल," तो म्हणाला होता.

त्याला वाटलं होतं, अडवतील, मारतील, गाडी फोडतील. याआधी तसंच केलं होतं. हॅटीला घेऊन तो पायी घरी आला. ती विचारत होती, "कसं काय सोडलं रे त्यांनी?" आणि तो म्हणाला, "देवानं सोडवलं." पुढे चौदा वर्षं ती बिचारी दर बुधवारी प्रार्थनेला उभी राहून ही साक्ष द्यायची, देवानं मला तुरुंगातून सोडवलं, आणि सगळं चर्च 'आमेन' म्हणायचं. ल्युशियसही म्हणायचा. हॅटी तो विश्वास उराशी धरूनच गेली.

"मी माझं सांगणार," प्रूइट शेवटी म्हणाला. "तुझं तू बघ. तुझं नाव मी आपणहून घेणार नाही. पण त्या बाईनं विचारलं, वाट कुणी सांगितली, तर मी खोटं नाही बोलणार. खोटं बोलायला मला आता श्वास पुरत नाही."

"तुम्ही मला बोलायला लावलंत."

"लावलं. ते माझ्या खात्यावर." म्हाताऱ्याचे निळे डोळे ओले होते, पण ते नेहमीच ओले असायचे. "तुझ्या खात्यावर काय आहे ते मला कशाला विचारतोस?"

ल्युशियस बाहेर आला. ट्रकमध्ये बसला. ओझेलाच्या घरी जावं, आत्ताच्या आत्ता, शेंगांच्या त्या ढिगासमोर बसून सांगून टाकावं. तो निघालाही. तिच्या घराच्या वळणावर त्याने वेग कमी केला. ओसरीवर थॅड पाठमोरा उभा दिसला, हुबेहूब रूफसचे खांदे. ल्युशियसचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडला आणि ट्रक पुढे निघून गेला.

*

रविवारी चर्च इतकं भरलं होतं की मागच्या भिंतीशी माणसं उभी होती. बायकांच्या टोप्या, पंख्यांची फडफड, लेकरांची चुळबुळ. वेदीसमोर पांढऱ्या कापडाखाली प्रभुभोजनाचं ताट झाकलेलं होतं. ओझेला पहिल्या बाकावर, तिच्या एका बाजूला थॅड, दुसऱ्या बाजूला व्हर्नेल. थॅडचे हात खिशात होते, पण गुडघा सारखा हलत होता. ओझेलाने त्यावर हात ठेवला, तो थांबला, हात काढल्यावर पुन्हा हलू लागला.

दुसरं भजन संपताना मागचं दार उघडलं. नळकांड्याची चाकं लाकडी जमिनीवर कुरकुरली आणि पंखे एकेक करत थांबले. एवढ्या लोकांत तो एकटाच गोरा माणूस. मधल्या वाटेने चालायला त्याला इतका वेळ लागला की एक म्हातारी अखेर उठली आणि तिने त्याचं नळकांडं ओढलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ऑटिसने प्रवचन दिलं नाही. म्हणाला, "मिस्टर प्रूइटना काही सांगायचंय. सिस्टर ओझेलाची परवानगी आहे," आणि बाजूला झाला. रात्रभर जागून लिहिलेले चार कागद त्याने खिशातच ठेवले. त्यासाठी व्हर्नेलने मनातल्या मनात त्याला कालचं सगळं माफ केलं.

प्रूइट वेदीकडे नाही, ओझेलाकडे तोंड करून उभा राहिला.

"मिसेस टार्पली," तो म्हणाला. "मी तुमच्याशी बोलायला आलोय."

सगळ्या चर्चमधून एक हुंकार गेला. मिसेस. तुम्ही. चाळीस वर्षं हा माणूस ओझेलाला रस्त्यात हाक मारायचा ती 'ए पोरी' अशी. ओझेलाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मान कशासाठी द्यायचा हे त्याला आज कळलं असेल, पण तो घ्यायचा की नाही हे तिने ठरवायचं होतं.

त्याने सांगितलं. तोडत तोडत, श्वास घेत घेत, पण काही न गाळता सांगितलं. जुन्या पुलावर गाडी आडवी घालून ते तिघे संधिप्रकाशात थांबले होते. रूफसची गाडी आली. शेरीफने त्याला खाली उतरवलं. यादी कुठाय, विचारलं. रूफसने यादी दिली नाही. मग जे झालं ते प्रूइटने सांगितलं, आणि ते ऐकताना व्हर्नेलने आईचा हात इतका घट्ट धरला की अंगठीची खूण उठली. शेरीफ मेला होता. प्रूइट उभा होता. आणि तिसरा, कॅल्विन ड्रेपर, गावात हार्डवेअरचं दुकान चालवत होता. चर्चच्या छपराचे खिळे त्याच्याकडूनच आले होते. मागच्याच आठवड्यात त्याने ओझेलाला गल्ल्यावरून विचारलं होतं, गुडघे काय म्हणतायत?

प्रूइट थांबला. कुणी 'आमेन' म्हटलं नाही.

ओझेला उठून उभी राहिली. "तो काही बोलला?"

"मॅम?"

"रूफस. पुलावर. काही बोलला का?"

"गाडीचे दिवे चालू राहिले होते. तो म्हणाला, 'दिवे बंद करू द्या. बॅटरी उतरेल. सकाळी पोरीला डॉक्टरकडे न्यायचंय, तिचा कान दुखतोय.'"

व्हर्नेलच्या तोंडून आवाज निघाला तो शब्दाचा नव्हता. ती सात वर्षांची होती. कानात गरम तेल घालून आई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि ती सारखी विचारत होती, डॅडी कधी येणार? तो दुखरा कान या जगात आणखी कुणाच्याही लक्षात असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे हा माणूस खरं बोलत होता. सगळं खरं होतं.

ओझेला खाली बसली. आणि तेव्हाच थॅडचे हात खिशातून बाहेर आले.

"एक मिनिट," तो उठला. त्याचा आवाज चमत्कारिक शांत होता. "डॅडी रोज वाट बदलायचे. ममा कधीच झोपायची नाही त्यामुळे. त्या पुलावरून ते कधी येत नसत. तुम्ही तिथे आधीपासून थांबला होता म्हणालात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

प्रूइटने मान खाली घातली.

"विचारतोय मी. कुणी सांगितलं?"

"पोरा—" प्रूइटने मान वर केली, पण थॅडकडे नाही. तो पलीकडे, डीकनांच्या बाकाकडे बघत होता. श्वास घेत होता, सोडत होता. ओझेलाने ती नजर कुठे जाते ते पाहिलं.

"मी सांगितलं," ल्युशियस म्हणाला.

तो उभा होता. काळा सूट, पांढरे हातमोजे, प्रभुभोजन वाटायला सज्ज. "हॅटीला कोठडीत घातलं होतं. मी वाट सांगितली. त्यांनी तिला सोडलं." मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "देवानं नाही सोडवलं तिला. मी सोडवलं."

पुढचे काही क्षण कुणालाच नीट आठवत नाहीत. थॅड बाकावरून उडी मारून गेला होता एवढं खरं, आणि ऑटिसने त्याला मिठी मारून अडवलं होतं. "सोड मला! सायकल शिकवली याने मला! याच्या मांडीवर बसून मी—" थॅड ओरडत होता आणि मग ओरडणं मोडलं आणि तो ऑटिसच्या खांद्यावर लहान मुलासारखा रडू लागला. मागे कुणीतरी बाई 'हॅटी, हॅटी' म्हणत होती. ल्युशियस हलला नाही. मारलं असतं तर तो पडला असता, आणि पडायला त्याला बरंच वाटलं असतं.

"बंधुभगिनींनो," ऑटिस म्हणाला, थॅडला धरूनच, "चला, आपण सगळे गुडघे टेकू आणि—"

"नाही, ऑटिस."

ओझेलाचा आवाज मोठा नव्हता.

"प्रार्थनेखाली झाकू नकोस हे. एवढी वर्षं झाकलेलंच होतं." ती उठली. आधी प्रूइटकडे वळली. "मिस्टर प्रूइट, उद्या दहा वाजता कोर्टात. ड्रेपरचं नाव, पुलाचं, सगळं. शपथेवर. थॅड तुम्हाला न्यायला येईल."

"हो, मॅम."

मग ती ल्युशियसकडे वळली. त्याच्याकडे बघायला तिला वेळ लागला. रूफसच्या प्रेताशेजारी हाच माणूस तिला धरून उभा होता. तिच्या छपराला हाताने पत्रे ठोकणारा हाच. एवढा मोठा उपकार आणि एवढी मोठी घाण एकाच माणसात मावते, हे तिला या वयात शिकायचं होतं.

"तूही ये," ती म्हणाली. "हॅटीला कुणी उचललं, किल्ल्या कुणाच्या हातात होत्या, तू काय बोललास. कागदावर येऊ दे."

"येतो, ओझेला."

"आणि क्षमा मागू नकोस. आज मागू नकोस. मला आज नाही जमणार, आणि नाही जमलं म्हणून मला कुणी वचनं ऐकवायची नाहीत."

तिने ऑटिसकडे पाहिलं. "ताट वाट आता. लोक लांबून आलेत."

ऑटिसने कापड काढलं. दुसऱ्या डीकनाने ल्युशियसच्या हातातलं काम घेतलं. पाव आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकाबाकांवरून सरकू लागले. पहिल्या बाकाशी ताट आलं. व्हर्नेलने घेतलं, रडत रडत घेतलं. ओझेलाने ताट हातात धरलं, बघितलं आणि काही न उचलता पुढे केलं.

"ममा?" व्हर्नेल कुजबुजली. बारा वर्षांची असताना स्वतःचा बाप्तिस्मा झाल्यापासून तिच्या आईने एकदाही ताट चुकवलं नव्हतं.

"माझं मन साफ नाही," ओझेला म्हणाली. "देवाला ठाऊक आहे. त्याच्यासमोर कशाला खोटं खाऊ?"

*

सोमवारी कोर्टात त्यांना साडेतीन तास लागले. ड्रेपरच्या दुकानाला कुलूप होतं. गावात बातमी रविवारच्या जेवणाआधीच पोचली होती. सरकारी वकील तरुण होता, गोरा होता, आणि जबाब लिहून घेताना दोनदा त्याने पेन खाली ठेवलं. प्रूइटने प्रत्येक पानावर सही केली. तो ऑक्टोबरात गेला, पण सह्या राहिल्या, आणि त्यांच्याच जोरावर थंडीच्या आधी ड्रेपरला हातकड्या पडल्या. त्या दिवशी मात्र यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं.

थॅड प्रूइटला परत सोडायला गेला होता. सकाळी येताना गाडीत दोघं एक शब्दही बोलले नव्हते, जातानाही बोलणार नव्हते. ऑटिस आणि व्हर्नेल गाडी आणायला गेले. ओझेला व्हरांड्यातल्या लांब बाकावर एकटी बसली होती. आतलं दार उघडलं आणि ल्युशियस बाहेर आला. जबाब देऊन झाला होता. कालचाच काळा सूट होता, हातमोजे नव्हते. त्याने तिला पाहिलं आणि तो जिथल्या तिथे थांबला. पुढे यावं की मागच्या दाराने निघून जावं, हे त्याला कळेना.

ओझेलाने त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मुद्दाम नव्हे. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं आपण काय म्हणणार ते. पोलिसांच्या दोन गाड्या आल्या, गेल्या. शेवटी ती म्हणाली, "बस."

तो बाकाकडे आला.

"इथे नको." तिने समोरच्या बाकाकडे हात केला. "तिथे. माझ्या तोंडासमोर."

तो बसला. हात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

"आत वकिलाला काय सांगितलंस ते मला नको," ती म्हणाली. "त्याला पुरेल तेवढं तू त्याला सांगितलंस. आता मला सांग. त्या दिवशी सकाळी रूफस तुझ्याकडे वाट सांगायला आला, तिथून. तो कुठे उभा होता, तुझ्या घरात काय खाल्लं, काय बोलला. एकही गोष्ट गाळू नकोस. मला घाई नाही."

ल्युशियसने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"कॉफी घेतली त्याने," तो म्हणाला. "उभ्याउभ्याच."

"साखर?"

"तीन चमचे."

ओझेलाने डोळे मिटले. "हं," ती म्हणाली. "पुढे."